मैनाच्या बारीच्या कुरडया

मी, पुंडलिक मारोती भोयर, वय वर्षे ७३, धंदा पूर्वी कूलर तयार करणे व दुरुस्त करणे, आता काही नाही, राहणार बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरी, पंख्याखाली बसून लिहून ठेवतो. घरात कूलर आहे, पण एका माणसासाठी चालवत नाही.

माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी शंका घेतल्यास सांगावे की आज सकाळी मी चार कैऱ्या भाजून पन्हे केले आणि गूळ बरोबर पडला. डोके फिरलेल्या माणसाला गुळाचा अंदाज राहत नाही. माझ्यावर कोणाचा दबावही नाही. दबाव टाकायला घरात माणूस लागतो, तो नाही. माझी पत्नी मैनाबाई दिनांक २० एप्रिल २०१७ रोजी वारली. एक मुलगी प्रेरणा, ती पुण्यास असते. तिची मुलगी सुरभी, वय १६. याखेरीज माझ्या मालमत्तेवर हक्क सांगणारे कोणी नाही.

कलम १. घर. ग्रामपंचायत मिळकत क्रमांक ४१२, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी, वर स्लॅबची गच्ची, हे सर्व प्रेरणाला द्यावे. ती दर रविवारी फोन करते आणि "बाबा, इकडे येऊन राहा" म्हणते. मी दिवाळीत आठ दिवस जातो आणि परत येतो, कारण तिथे मला दिवसभर काय करावे ते कळत नाही. उन्हाळ्यात ती इकडे येत नाही, म्हणते फार ऊन असते. तिचा जन्म याच गच्चीखाली मे महिन्यात झाला, पण असो. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. घेणाऱ्याला एवढे सांगावे की चैत्राच्या आधी गच्चीला चुना मारावा, खाली दोन अंश तरी फरक पडतो.

कलम २. बँकेतील ठेव, असेल तेवढी, प्रेरणालाच. यावर जास्त लिहिण्यासारखे नाही.

कलम ३. हत्यारे. पत्रा कापायच्या दोन कात्र्या, लाकडी हातोडा, डाग देऊन पत्रा जोडायचे सामान, तीन ड्रिल आणि वाळा विणायच्या दोन लोखंडी चौकटी दारव्हा रोडवरील कूलरवाले प्रेमसिंग राठोड यांस द्याव्यात. हा माणूस माझा धंद्यातला वैरी. मी कूलरला वाळ्याच्या ताट्या लावायचो. पाणी पडले की सगळ्या घराला ओल्या मातीसारखा वास यायचा आणि माणूस जेवण टाकून झोपायचा. यांनी पुठ्ठ्याच्या जाळ्या आणल्या आणि माझ्या दुकानासमोर उभे राहून गिऱ्हाईकाला म्हणाले, "भाऊ, हे गवत लावून देऊन राह्यले तुम्हाले, गाईले टाका." मी हातोडा घेऊन धावलो होतो. माझे दुकान प्रेमसिंगमुळे बंद पडले असे मी पुष्कळांना सांगितले आहे. ते खरे नाही. मैना गेल्यावर मी दुकान उघडलेच नाही. हत्यारे त्यांनी वापरावी. चौकटींचे काय करायचे ते त्यांचे त्यांनी पाहावे.

कलम ४. चिनी मातीच्या पाच बरण्या, माठ, पुरणयंत्र, पाटा-वरवंटा आणि मैनाची वही प्रेरणाला. वहीबाबत खुलासा करणे जरूर आहे. तीत कैरीचे पन्हे, अंबाडीच्या बोंडांचे सरबत, बेलफळाचे सरबत, कैरीचा तक्कू, काडीवर वळायचे सरगुंडे आणि लिंबाचे गोड लोणचे इतक्या कृती आहेत. पण माप सगळीकडे एकच आहे, "माझी ओंजळ". गूळ माझ्या दोन ओंजळी. बोंडे माझ्या चार ओंजळी. आता ती ओंजळ कुठून आणायची? पहिल्या उन्हाळ्यात माझे सरबत औषधासारखे झाले. दुसऱ्या उन्हाळ्यात पाकासारखे. वाट्या बदलत, चाखत, टाकत तिची एक ओंजळ म्हणजे आपल्या स्टीलच्या वाटीने दीड वाटीला जराशी कमी, हे मला पाचव्या उन्हाळ्यात सापडले. त्या दिवशी पहिला घोट घेतला आणि मी "जमलं व्हय" असे मोठ्याने म्हणालो. ऐकायला कोणी नव्हते. वहीच्या शेवटच्या पानावर मी हे माप लिहिले आहे. प्रेरणा पन्ह्याची बाटली विकत आणते हे मला माहीत आहे. आणावी. पण घरात एकदा तरी कैरी भाजावी, उकडू नये. उकडलेल्या कैरीचे पन्हे आजारी माणसासाठी असते असे तिची आई म्हणायची.

कलम ५. मैनाची शृंगारपेटी नात सुरभीला. पेटीत आरशाखेरीज विकतचे काही नाही. काजळ धरायची तांब्याची ताटली, एरंडेलाचा दिवा, शिकेकाई चाळायची चाळणी, उटण्याचा डबा आणि माका-जास्वंदीच्या तेलाची अर्धी बाटली एवढेच आहे. तेल आता वापरू नये, फक्त वास घ्यावा. लग्नसराईत गल्लीतल्या नवऱ्या मुली आठ दिवस आधीपासून आमच्याकडे उटण्याला यायच्या. मे महिन्याच्या दुपारी मैना मुलतानी माती गुलाबपाण्यात कालवायची, स्वतः लावायची आणि घामोळ्यांसाठी म्हणून माझ्याही तोंडाला फासायची. माती वाळेपर्यंत बोलायचे नाही, हसायचे नाही, नाहीतर तडे जातात. एकदा त्याच अवस्थेत गिऱ्हाईक आले. मी तोंडाला माती लावून खुणेनेच त्याला कूलर दाखवला. मैना आतल्या खोलीत पोट धरून बसली होती. तिची माती पार तडकली. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही भांडलो पुष्कळ, पण मला सुख म्हटले की ती दुपार आठवते. सुरभीने या वस्तू वापरल्याच पाहिजेत असे नाही. तिच्या क्रीमच्या नळ्या-ट्यूबांत त्या हरवू नयेत, एवढेच.

कलम ६. कुरडयांचा डबा. हे मृत्युपत्र खरे म्हणजे या कलमासाठीच लिहिले. आधीची कलमे तोंडी सांगूनही भागले असते.

आमच्या गल्लीत वाळवणे एका घराची एकट्याने होत नसत. बारी लागायची. ज्या घरची बारी, त्या घरी सगळ्या बायका पहाटे जायच्या आणि ऊन चढायच्या आत काम उरकायच्या. कुरडयांचे काम सगळ्यांत किचकट. गहू तीन दिवस भिजवा, वाटा, पिळून चीक काढा, रात्रभर निवळू द्या, पहाटे शिजवा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कपड्यावर घाला. एकट्या बाईचे ते काम नव्हे, पुरुषाचे तर नव्हेच. २०१७ च्या एप्रिलात मैना आठ घरी जाऊन आली. शेवटची बारी आमची, गुरुवार दिनांक २० एप्रिल. बुधवारी चीक निघाला, दोन मोठ्या गंज-पातेल्यांत भरून ठेवला. जेवण झाल्यावर ती मला म्हणाली, "चिकावरचं पाणी तेवढं बदलून देजा, मी पडतो जराशी." मी "हो" म्हणालो आणि टीव्ही पाहत बसलो. पाणी बदलायचे विसरलो. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबले.

ठरल्याप्रमाणे गुरुवारी सकाळी आठही घरच्या बायका आमच्याकडे आल्या. कामासाठी नव्हे.

स्मशानातून परत आल्यावर अंघोळ झाली आणि मी आधी चिकावरचे पाणी बदलले. शुक्रवारी दोनदा बदलले. तिने शेवटचे सांगितलेले काम ते. शनिवारी तिसरा दिवस, राख सावडायला जायचे होते. पहाटे चिकाचा आंबट वास यायला लागला. आणखी ठेवता येत नव्हता आणि फेकणे मला जमेना. प्रेरणा रडून रडून झोपली होती. मी गच्चीवर स्टोव्ह नेला, चीक शिजवला, गुठळ्या झाल्या, हात भाजला आणि मैनाचे जुने लुगडे अंथरून त्यावर कुरडया घातल्या. वाकड्या-तिकड्या, पण घातल्या.

सुतकाच्या घरात तळण नसते, तेरा दिवस कढई चढत नाही, वर्षभर पापड-कुरडया करत नाहीत, हे मला माहीत होते. कोणी मला अडाणी समजू नये. सात वाजता लोक राख सावडायला जमले आणि एकेकाने वर पाहिले. आमच्या मागे दुसऱ्या घरात राहणाऱ्या तुळसाबाई ढोले, ज्या दर वर्षी बाऱ्या ठरवायच्या, त्या भर रस्त्यात म्हणाल्या, "बायको अजून थंडी नाई झाली, अन् ह्या माणसाले कुरडया सुचून राह्यल्या!"

मी गच्चीवरून ओरडलो, "तुमच्या सात पायल्या गव्हाच्या कुरडया तिनं घालून देल्या. तिच्या बारीले कोन आलं?"

प्रेरणाने मला हात धरून खाली आणले. तिला त्या दिवशी माझी लाज वाटली, हे तिने पुढे कधी बोलून दाखवले नाही, पण मला कळले.

त्यानंतर आठ वर्षे तुळसाबाईंशी माझे बोलणे नाही. त्या बोलल्या म्हणून गल्ली बोलली, गल्ली बोलली म्हणून मी बोललो नाही. पुढच्या अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांची सून पायल झाकलेले ताट घेऊन आली, पन्हे, पुरणपोळी आणि दोन कुरडया. मी दारातूनच परत पाठवले. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा आली, पुन्हा पाठवले. तिसऱ्या वर्षी आली नाही. मी दुपारभर दार उघडे ठेवून बसलो होतो.

त्या शनिवारच्या कुरडया तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात आहेत. त्यातली एकही कोणी खाल्लेली नाही, मीही नाही. दर चैत्रात मी त्या गच्चीवर ऊन दाखवायला पसरतो आणि संध्याकाळी निंबाचा पाला घालून परत भरतो. कीड लागलेली नाही. हा डबा मी तुळसाबाई ढोले यांना देत आहे. अट अशी की माझ्या तेरवीला, तेराव्या दिवसाच्या जेवणाला, त्यांनी कुरडया स्वतःच्या हाताने तळाव्यात आणि पहिली कुरडई सर्वांसमोर स्वतः खावी. तिच्या बारीला कोणी तरी आले पाहिजे. मी जिवंत असताना आले नाहीत, तर मेल्यावर यावे. खाण्यास नकार दिल्यास डबा नदीत सोडावा आणि गल्लीतल्या कोणासही माझ्या तेरवीचे जेवण देऊ नये.

कलम ७. साक्षीदारांबाबत. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. मी या गल्लीत एक्केचाळीस वर्षे राहतो. कोणाला बोलवायचे याची यादी करायला बसलो, तेव्हा पाच नावे लिहिली आणि पाचही खोडली. तिघे वारले, एक मुलाकडे अमरावतीला गेला, एकाला आता माणसे ओळखू येत नाहीत. एक साक्षीदार मिळाला, सेतू केंद्र चालवणारे संघदीप खोब्रागडे. आज रविवार, केंद्र बंद, म्हणून ते घरी आले. मी त्यांना पन्हे दिले. दोन ग्लास प्यायले. दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी राहिली.

संघदीप म्हणाले, "काका, शेजारचं कोनी पाहा ना. एक सही तर हाय."

येथून पुढचा मजकूर त्याच दिवशी, दुपारी चारनंतर लिहिला आहे. पहिला मजकूर फाडून नवीन लिहिण्यापेक्षा तसाच ठेवतो, कारण तो खोटा नाही, अर्धा आहे.

मी तुळसाबाईंच्या दारावर गेलो. आठ वर्षांनी. त्यांनी दार उघडले, मला पाहिले आणि विचारले, "कोन मेलं?"

"अजून कोनी नाई. माहीच तयारी करून राह्यलो. मृत्युपत्रावर सही पाह्यजे होती."

"वाचून दाखवा. बिनवाचल्या कागदावर मी सही करत नाई."

त्या आमच्याकडे आल्या. मैनाच्या नेहमीच्या जागी न बसता दाराजवळ बसल्या. मी वाचायला लागलो. सहावे कलम गाळावे असे मनात आले होते, पण संघदीप यांनी ते आधी वाचले होते, त्यांच्यासमोर गाळता येईना. नदीत सोडण्याच्या वाक्यापर्यंत मी सगळे वाचले.

संघदीप म्हणाले, "आजी, एक अडचन हाय. ज्याले काही भेटते, त्यानं साक्ष न देलेली बरी. नंतर लोक शंका काढतात. तुम्ही डबा घ्या, नाईतर सही करा."

तुळसाबाई माझ्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, मले राग कुरडयाईचा नव्हता. ते बारी आमची होती. मैना आठ घरी राबली. आम्हाले तिचं फेडाचं होतं. आम्ही खाली बसूनच होतो, रातभर इथंच होतो आठी जनी. तुम्ही एक आवाज नाई देल्ला. एकल्यानंच उरकून टाकलं."

मी म्हणालो, "सुतक होतं."

"मंग? सुतक तुम्हाले होतं, तरी तुम्ही केल्लंच ना? आम्हीबी केल्लं असतं."

मी हे लिहितो कारण मृत्युपत्रात खरे लिहावे. आठ वर्षे मी धरून बसलो होतो की तिच्या बारीला कोणी आले नाही. त्या घरातच होत्या. मी जिना चढताना त्यांच्या अंगावरून गेलो होतो. मला कोणी दिसले नव्हते. तुळसाबाईंना जिव्हारी लागले ते हे, आणि त्या रस्त्यावर जे बोलल्या ते रागाने बोलल्या. मी जे बोललो तेही रागानेच बोललो, पण त्यांच्यापेक्षा वाईट बोललो. याबद्दल मी त्यांची माफी मागितली. त्यांनी "राहू द्या" म्हटले. परत पाठवलेल्या ताटांचे मात्र त्यांना राहू देता आले नाही, त्यावर त्या बऱ्याच बोलल्या आणि मी ऐकून घेतले.

मग त्यांनी विचारले, "डबा कुठी हाय?"

"तेरवीले तळा म्हटलं ना."

"तुम्ही कवा मरान अन् मी तवरोक कायले बसू? गुडघे पाहा माहे. आना डबा."

त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात कढई शोधली. जागा बदललेली नव्हती, लगेच सापडली. तेल तापले. कुरडई टाकली तशी ती फुलली. मला वाटले होते फुलणार नाही. पाच तळल्या. एक त्यांनी हातात घेतली, मोडली आणि खाल्ली. संघदीप यांनी एक खाल्ली. मी पहिल्यांदाच खाल्ली, माझ्या हातची आणि तिच्या गव्हाची.

तुळसाबाई म्हणाल्या, "मीठ नाई टाकलं, भाऊजी."

खरेच नव्हते. आठ वर्षे दर उन्हाळ्यात ऊन दाखवले, पाला घातला, तिचे म्हणून सांभाळले आणि त्यात मीठच नव्हते. शिजवताना चिकात मीठ घालतात हे मला कोणी सांगितले नव्हते. विचारायला खाली आठ बायका होत्या. मला तिथेच रडू आले. संघदीप ग्लास धुवायच्या निमित्ताने मोरीत गेले.

मी तुळसाबाईंना विचारले की पुढच्या चैत्रात आमच्या घरची बारी लावता येईल काय, गहू मी आणतो. त्या म्हणाल्या, "आता बाया कुठी हायेत? आठात तीन उरलो. पायल तं दुकानातून पाकीट आनते." हे मला ठाऊक असायला हवे होते. गल्लीत किती वर्षांत पहाटे पाट मांडल्याचा आवाज आला नाही, हे घरात एकटा असूनही माझ्या ध्यानात आले नाही. बारी आता कोणाच्याच घरी नसते.

सबब कलम ६ मी याद्वारे संपूर्ण रद्द करतो. तेरवीची अट रद्द, नदीची अट रद्द. जेवायला येईल त्याला जेवू द्यावे. उरलेल्या कुरडया तुळसाबाईंनी आजच, माझ्या जिवंतपणी, त्यांच्या दोन पातेल्यांत नेल्या आहेत. उरलेल्या दोघींकडे आणि बाकीच्या पाच घरांत ज्यांच्या सुना आहेत त्यांच्याकडे पोहोचवणार आहेत. डबा रिकामा असून माझ्याकडे आहे. तुळसाबाईंना आता या मृत्युपत्राने काही मिळत नाही, म्हणून त्या साक्षीदार होऊ शकतात, असे संघदीप यांनी सांगितले.

बाकीची कलमे कायम. हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करून ठेवले.

ठिकाण: बोरी अरब
दिनांक: ११ मे २०२५

(सही) पुंडलिक मारोती भोयर

साक्षीदार क्र. १: (सही) संघदीप खोब्रागडे, रा. बोरी अरब. मृत्युपत्र करणाऱ्यांनी माझ्यासमोर पूर्ण शुद्धीत सही केली.

साक्षीदार क्र. २: (सही) तुळसाबाई ढोले, रा. बोरी अरब. सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर: भाऊजीनं माह्यासमोर सही केली. मैनाच्या बारीले मी आज हजर होतो. कुरडई खाल्ली. मीठ नाई, पन चीक तिचाच व्हय, वळखू आला.